तुरट चारा, तापलेलं जनावर

उन्हाळा मध्यावर आला की आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात आहुपे, पिंपरगणे, असाणे या गावांत आणि जुन्नरच्या बाजूला हातवीज, आंबे, इंगळूणकडे अंगणात, खळ्यात, पत्र्यावर, मिळेल त्या सपाट जागेवर बाळहिरडा वाळत पडलेला दिसतो. कोय धरायच्या आत झाडावरून उतरवलेलं हे कोवळं फळ उन्हात आक्रसतं, काळं पडतं आणि शेवटी खड्यासारखं कडक होतं. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या हाती वर्षात जो थोडाफार रोख पैसा येतो, त्यात या काळ्या दाण्यांचा वाटा मोठा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या हिरड्याचं नुकसान केलं, तेव्हा भरपाईची मागणी पुढे कित्येक महिने धगधगत राहिली ती यामुळेच.

एक बाळहिरडा दाढेखाली धरून पाहा. क्षणभर काहीच वाटत नाही. मग जीभ कोरडी पडू लागते, गालाची आतली बाजू आखडते, लाळ असूनही तोंड सुकल्यासारखं होतं. आयुर्वेद याला रस म्हणतो, आधुनिक शरीरशास्त्र म्हणतं की हा स्पर्शाचाच प्रकार. त्या वादात पडण्याचं कारण नाही. घडतं ते असं : हिरड्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, ती साकळतात आणि जिभेवरचा निसरडेपणा जातो. कातडी कमावणाऱ्यांना हिरडा हवा असे तोही याच गुणासाठी, कारण कातड्यातलं प्रथिन एकदा टॅनिनने बांधलं की ते कुजत नाही. इंग्रजी अमदानीत विलायतेच्या चर्मोद्योगाला जाणाऱ्या हिरड्याच्या प्रतींपैकी एक ‘व्हिंगोर्ला’ नावाने ओळखली जाई. म्हणजे आपलं वेंगुर्लं. वाळल्या हिरड्याच्या वजनात साधारण तीस टक्के टॅनिन असतं. म्हणजे व्यापाऱ्याच्या काट्यावर जे पडतं त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ तुरटपणा.

टॅनिनं ही फिनॉल नावाच्या मोठ्या कुळातली. हळदीतलं करक्युमिन, जांभळ्या द्राक्षाच्या सालीतला रंग, चहाचा कस, सरकीतलं गॉसिपॉल ही सगळी त्याच कुळातली भावंडं. या पुस्तकाचा विषय म्हणजे ही रसायनं गाय, शेळी, कोंबडी यांच्या पोटात गेल्यावर त्यांच्या अंगच्या अँटिऑक्सिडंट संरक्षणाचं काय होतं, हा. विषय प्रयोगशाळेतला वाटतो. पण जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके तो शिकायला जितके सोयीचे आहेत, तितकी दुसरी जागा मला तरी सुचत नाही. पश्चिमेला पावसाचा डोंगराळ भाग. तिथे भाताचा पेंढा, रानातलं गवत आणि शेळ्यांना झाडपाला. पूर्वेला डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज या धरणांच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, मका; गोठ्यात होल्स्टिन संकराच्या गाई, त्यांच्यापुढे मुरघास, उसाचं वाढं, सरकी पेंड आणि गोळी पेंड; मंचरला दुधाचे मोठे कारखाने; रस्त्याच्या कडेला ब्रॉयलरच्या लांबलचक शेड. एका तासाच्या एसटी प्रवासात चाऱ्यातल्या फिनॉलचं प्रमाण आणि प्रकार दोन्ही पार बदलतात.

हा विषय गेल्या वीस वर्षांत एवढा तापला त्याला व्यापाराचं कारण आहे. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिनचा जनावरांसाठीचा वापर बंद झाला. मोकळ्या झालेल्या त्या जागेत वनस्पतींचे अर्क शिरले. आज मंचर किंवा नारायणगावच्या पशुखाद्याच्या दुकानात उभं राहिलं तर फळीवरच्या निम्म्या पुड्यांवर आणि बाटल्यांवर हिरवी पानं छापलेली असतात आणि कुठे ना कुठे ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ लिहिलेलं असतं. ते खोटं असतंच असं नाही. मात्र ते नेमकं कशाबद्दल खरं आहे, हे विचारायला हवं.

जनावर श्वास घेतं, पेशी अन्न जाळतात, आणि त्या व्यवहारात थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड ही त्याची रूपं. ती मेदाला, प्रथिनाला, जनुकद्रव्याला खार लावतात. त्यांना आवरायला शरीराने स्वतःची यंत्रणा उभारलेली आहे : सुपरऑक्साइडचं रूपांतर करणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ज्याची ओळख मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये पटवली; पेरॉक्साइडचं पाणी करणारं कॅटालेज; सेलेनियमवर चालणारं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज; आणि या सगळ्यांच्या मागे पेशीतला ग्लुटाथायोनचा साठा. यंत्रणा कमी पडली की जी अवस्था येते तिला हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण हे नाव रूढ केलं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोठ्यात धापा टाकणारी संकरित गाय, विण्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे, दुपारच्या उन्हात पंख पसरून चोच उघडी टाकलेली ब्रॉयलर कोंबडी, ही या ताणाची रोजची उदाहरणं. मात्र फ्री रॅडिकल म्हणजे निव्वळ शत्रू, असं मानू नये. कासेत जंतू शिरले की पांढऱ्या पेशी मुद्दाम सुपरऑक्साइडचा मारा करूनच त्यांना मारतात. सगळी रॅडिकल पुसून टाकली तर कासदाह बरा होण्याऐवजी बळावेल.

आता फिनॉल. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाची चाचणी करतात. परीक्षानळीत गर्द जांभळा द्राव असतो. त्यात हिरड्याच्या अर्काचे काही थेंब टाकले की बघता बघता तो फिका पडतो आणि पिवळट होतो. रंग किती गेला ते यंत्र मोजतं, आणि तेवढी अर्काची ‘अँटिऑक्सिडंट शक्ती’ ठरते. दृश्य मोठं लोभस आहे. महाविद्यालयातला कुठलाही विद्यार्थी हे पाहून हरखतो, आणि बाजारातले बरेच दावे इथूनच निघतात. हिरडा, आवळा, डाळिंबाची साल या चाचणीत नेहमी वरच्या नंबरात असतात.

पण गाईचं रक्त म्हणजे परीक्षानळी नव्हे. खाल्लेल्या फिनॉलपैकी फार थोडं आतड्यातून आत शिरतं. जे शिरतं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन बाहेरच्या वाटेला लावतात. रक्तात उरतं ते मायक्रोमोलच्या घरात. त्याच शरीरातल्या पेशींमध्ये ग्लुटाथायोन त्याच्या हजारपट असतं. एवढ्याशा फिनॉलने समोरासमोर रॅडिकल टिपून मोठा फरक पडेल, हे हिशेबातच बसत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांची ओरॅक नावाची परीक्षानळीतली अँटिऑक्सिडंट मापं संकेतस्थळावर ठेवली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती सगळी यादीच काढून घेतली, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते मात्र ते आकडे मिरवत होते.

तरीही अनेक प्रयोगांत फिनॉलयुक्त खाद्य दिलेल्या जनावरांच्या रक्तात डिसम्युटेज, पेरॉक्सिडेज वाढलेले आढळतात आणि मेद खवट झाल्याची खूण असलेलं मॅलोनडायअल्डिहाइड घटलेलं आढळतं. मग हे होतं कसं? गेल्या तीस वर्षांतलं सगळ्यात समाधानकारक उत्तर जपानमधल्या इतोह आणि यामामोतो यांच्या १९९७ आणि १९९९ च्या कामातून पुढे आलं. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन कीप-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. फिनॉलचं स्वतःचंच ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनतं. ते कीप-१ ला डिवचतं. पकड ढिली होते, एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रात जातं आणि संरक्षणाची डझनावारी जनुकं जागी करतं. उसाच्या कडेच्या वस्तीवर कुणी ‘बिबट्या आला’ म्हणून हाळी दिली की बॅटऱ्या, फटाके, काठ्या घेऊन सगळी वस्ती बाहेर पडते, तसं. हाळी देणारा बिबट्याशी लढत नाही; लढायला वस्तीच बाहेर पडते.

म्हणजे वनस्पतीतलं फिनॉल जनावराला ताकद देतं हे वाक्य तितकंसं खरं नाही. ते जनावराला हलकासा त्रास देतं, आणि त्रासाला उत्तर म्हणून जनावर स्वतःचं संरक्षण वाढवतं. वनस्पतीने हे रसायन बनवलं ते आपल्या गाईंच्या भल्यासाठी नव्हेच. पान कुणी खाऊ नये, किडीने पोखरू नये, बुरशीने धरू नये म्हणून. हे एकदा ध्यानात ठेवलं की पुस्तकातल्या परस्परविरोधी वाटणाऱ्या निष्कर्षांची संगती लागते. हलका त्रास आणि विषबाधा यांच्यामध्ये असते फक्त मात्रा, आणि ती मात्रा प्रत्येक जनावराची वेगळी.

याचा सगळ्यात जवळचा पुरावा प्रत्येक गोठ्यात पोत्याने पडलेला आहे. सरकी पेंड. दुधाला फॅट लागावी म्हणून जुन्नर-आंबेगावात ती न घालणारा दूध उत्पादक विरळा. सरकीतलं गॉसिपॉल हे पक्कं पॉलिफिनॉल आहे आणि परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट म्हणूनही वागतं. तरी जिवंत पेशीत ते उलट रॅडिकल वाढवतं, लोह अडकवून ठेवतं, नराची प्रजननशक्ती घटवतं. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या होत्या त्या उगाच नव्हे. मोठी गाय ते पचवते, कारण तिच्या कोठीपोटातली (रुमेनमधली) प्रथिनं मोकळ्या गॉसिपॉलला बांधून निकामी करतात. वासराचं कोठीपोट अजून तयार झालेलं नसतं, म्हणून त्याला सरकी घालू नये. कोंबडीला तर कोठीपोटच नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सरकी पेंड जास्त झाली तर साठवलेल्या अंड्यातला पिवळा बलक हिरवट-तपकिरी होतो. गॉसिपॉलने बलकातलं लोह धरल्याचा तो रंग. खाद्य कारखाने त्यावर फेरस सल्फेट मिसळतात, म्हणजे गॉसिपॉलला पकडायला आधीच लोह देऊन ठेवतात. पुडीवर हिरवं पान छापणाऱ्यांनी सरकीचं बोंडही छापावं, अशी माझी जुनी सूचना आहे. अजून कुणी मनावर घेतलेली नाही.

टॅनिनची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. बाभळीच्या शेंगा, जांभळाचा पाला, बोरीचा पाला यांत टॅनिन भरपूर. कोठीपोटात आम्लता सौम्य असते तेव्हा टॅनिन चाऱ्यातल्या प्रथिनाला घट्ट धरून ठेवतं, जंतूंच्या तावडीतून ते निसटतं. पुढच्या खऱ्या जठरात आम्ल तीव्र होताच ती पकड सुटते आणि प्रथिन थेट जनावराच्या उपयोगी पडतं. थोडं टॅनिन म्हणजे फुकटचं बायपास प्रोटीन. जास्त झालं की पकड सुटतच नाही. चारा कडू-तुरट म्हणून खाणं घटतं, शेण घट्ट होतं, वजन उतरतं. हरिंदर मक्कर या भारतीय शास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा भाग या एका प्रश्नावर घालवला. रवंथ करणाऱ्या जनावरांत टॅनिनचं काय होतं यावरचा त्यांचा २००३ चा आढावा आजही सुरुवात करायला सगळ्यात बरा. आणि शेळीला बाभळीची शेंग सोसते तितकी गाईला का सोसत नाही, त्याचं थोडं उत्तर तोंडात सापडतं. काही पाला खाणाऱ्या प्राण्यांच्या लाळेत टॅनिनला आधीच पकडून ठेवणारी प्रथिनं असतात. गवत खाणाऱ्या जनावरांना ती फारशी लागली नाहीत. शिवाय शेळी एका झाडाचा पाला कधी पोटभर खात नाही. हिरड्याला तोंड लावते, मग बोरीकडे वळते, मग कुड्याकडे. मागच्या पायांवर उभं राहून फांदी ओढणाऱ्या शेळीला गुराखी शिव्या घालतो खरा, पण मात्रा सांभाळण्याचं शास्त्र ती त्याच्यापेक्षा बरं जाणते.

ज्यांना वाटतं की हिरडा औषधी आहे, तेव्हा त्याचं कुळही निर्धोक असणार, त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावं. क्वीन्सलँडमध्ये हिरड्याच्याच टर्मिनालिया वंशातलं एक झाड आहे; त्याचा पाला खाऊन गुरं-मेंढरं मरतात. यकृत निकामी करणारं त्यातलं द्रव्य शोधलं तेव्हा ते प्युनिकॅलाजिन निघालं. हेच प्युनिकॅलाजिन डाळिंबाच्या सालीत असतं आणि बाटल्यांवर अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. बरेलीजवळच्या इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत पात्रा, कामरा आणि सहकाऱ्यांनी म्हशीच्या कोठीपोटातल्या द्रवावर हिरड्याच्या अर्काचे प्रयोग केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मिथेन वायू ठळकपणे घटला. पुढे मेंढ्यांच्या खाद्यात अगदी थोडा हिरडा घालूनही पाहिला गेला. थोडा, हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे.

जुन्नरला आणखी एक कच्चा माल सहज मिळतो तो द्राक्षाचा. जांभळ्या द्राक्षांच्या बागा इथल्या ओळखीच्या, आणि नारायणगावला १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीची वाइन बनवणारा इंडेजचा कारखाना उभा राहिला होता. वाइन काढल्यावर साल-बियांचा जो चोथा उरतो त्यात फिनॉल ठासून भरलेलं असतं. माद्रिदमधल्या संशोधकांनी २००७-०८ च्या सुमारास तो ब्रॉयलरच्या खाद्यात मिसळला. कोंबड्यांची वाढ बिघडली नाही, आणि मांस साठवल्यावर त्यातला मेद खवट होण्याचं प्रमाण कमी झालं. निष्कर्ष साधाच आहे, पण मला तो आवडतो : त्यांनी परीक्षानळीतला रंग न मोजता मांस मोजलं, आणि शेजारी ई जीवनसत्त्व दिलेला गट ठेवून तुलना केली.

ई जीवनसत्त्वाचं नाव निघालंच आहे तर सांगतो, रसायनाने तेही फिनॉलच. पण ते मेदात विरघळतं, पेशीच्या पडद्यात जाऊन बसतं, आणि शरीर ते राखून ठेवतं. हिरड्याच्या टॅनिनसारखं त्याला हाकलून देत नाही. ओहायोमध्ये १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भाकड काळात गाईंना ई जीवनसत्त्व दिल्यावर कासदाहाच्या प्रत्यक्ष केसेस ३७ टक्क्यांनी घटल्या, आणि जोडीला सेलेनियम असल्यास दुखणं लवकर आवरलं. एखाद्या खाद्यपूरकाने काय सिद्ध करून दाखवायचं, याचा माझ्या लेखी हा नमुना : आजार किती गाईंना झाला, किती दिवस राहिला. वनस्पतिजन्य फिनॉलच्या बहुतेक दाव्यांना या पायरीवर चढणं अजून जमलेलं नाही. हिरवा चारा, बरसीम, घास, ताजा मका यांतून ई जीवनसत्त्व आयतं मिळतं. वाळल्या कडब्यात आणि पेंढ्यात ते उडून गेलेलं असतं. भाकड गाईला ‘आता दूध कुठं देतीय’ म्हणून नुसत्या पेंढ्यावर ठेवायची रीत आपल्याकडे सर्रास आहे. महागड्या अर्काची बाटली घेण्याआधी तिथे दोन पेंढ्या घास टाकला तर पैसे वाचतील.

कासेला कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप लावण्याची पद्धत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बरीच पसरवली आहे आणि अनेक पशुपालकांना तिचा उपयोग झालेला आहे. हळदीतलं करक्युमिन फिनॉल आहे म्हणून या लेपाचा दाखला खाद्यातल्या हळदीसाठी देतात, तो मात्र चालणार नाही. कातडीवर लावणं आणि पोटात घालणं या दोन वेगळ्या गोष्टी. करक्युमिन तर आतड्यातून शोषलं न जाण्याबद्दलच प्रसिद्ध आहे.

बैलगाडा मालकांसाठी एक वेगळं प्रकरण ठेवलं आहे, आणि त्यांनी ते रागावून वाचू नये. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींचा कायदा उचलून धरला. शर्यतीच्या घाटांवर आता पुन्हा गर्दी आहे, आणि बैलाच्या खुराकात अंडी, दूध, उडीद यांच्याबरोबर टॉनिकांच्या बाटल्याही आल्या आहेत. २००९ मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या रिस्टो आणि सहकाऱ्यांनी व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वं भरपूर मात्रेत दिली, तर व्यायामामुळे शरीरात जे चांगले बदल व्हायचे तेच अडले. मेहनतीच्या वेळी तयार होणारी रॅडिकल हीच स्नायूला ‘तयार हो’ म्हणून सांगणारी खूण असते. ती पुसली की तयारी होत नाही. प्रयोग माणसांवरचा होता. पण एका बारीत सेकंदांचा हिशेब मांडणाऱ्या मालकाने तो ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पाळीव जनावरांचं पुस्तक असूनही एका रानजीवाला यात जागा दिली आहे. १९८५ मध्ये जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यातला शेकरू वर्षभर झाडांवरच राहतो आणि फळं, बिया, पानं, साल असं सगळं तुरट-कडू पोटात घालतो. रेने बोर्जेस यांनी त्याच्या आहाराचा पोषणाच्या अंगाने अभ्यास केला. १९९२ चा त्यांचा शोधनिबंध याच विषयाचा. खाद्याची गोळी नाही, पुडी नाही, मालक नाही, अशा प्राण्याने फिनॉलने भरलेल्या जंगलात रोजचं ताट कसं निवडावं, हे पाहिलं की गोठ्यातल्या गाईला आपण निवडीची किती थोडी संधी देतो हे कळतं.

पुस्तकातले आकडे वाचताना एकच काळजी घ्यावी. फिनॉलचं प्रमाण कुठे कोरड्या चाऱ्याच्या टक्केवारीत दिलं आहे, कुठे टॅनिक आम्लाच्या तुलनेत, तर कुठे नुसतं अर्काच्या वजनावर. या तीन आकड्यांची एकमेकांशी तुलना होत नाही, आणि मूळ प्रयोगांत ज्या पद्धतीने मोजलं तीच इथे ठेवली आहे. ओल्या पाल्यात पाणीच साठ-सत्तर टक्के असतं, तेव्हा कोरड्यावरचा आकडा गोठ्यातल्या ओल्या भाऱ्याला लावताना आधी तेवढं वजा करावं. पहिलं प्रकरण कोठीपोटाचं आहे. ज्यांच्याकडे फक्त कोंबड्या आहेत त्यांनी ते सोडून थेट तिसऱ्यावर गेलं तरी चालेल. सरकी पेंडेवरची पानं तेवढी चुकवू नयेत.